काटा चोपन्नाचा, माप सत्तेचाळीसाचे



मागे एका तालुका बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे चालले होते. बैठक उठता उठता मागच्या रांगेतले एक वयस्क शेतकरी उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, भावाचे राहू द्या. माझा पोरगा दीड वर्षापासून आत आहे. खटला उभा राहिलेला नाही. वकील म्हणतो पाहू, जेलवाले म्हणतात कोर्टाला विचारा. मला एवढेच सांगा, तो सुटणार कधी? यंदा वावर ठोक्याने द्यायचे की घरी ठेवायचे, ते मला ठरवायचे आहे."

सभेत कोणालाच उत्तर देता आले नाही. आंदोलनात आत जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. बराकीतली गिनती आणि पातळ डाळ त्यांना ठाऊक आहे. पण त्या तुरुंगवासाची आपण कधी भीती बाळगली नाही. आज ना उद्या सगळे मिळून बाहेर येणार हे माहीत होते. त्या बापाच्या पोराला मात्र हा 'उद्या'च कोणी सांगत नाही. तुरुंगाच्या भिंतीपेक्षा हे न सांगणे जास्त जड असते. पेरणी, लेकीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, काहीच ठरवता येत नाही.

म्हणून या अंकात जरा लांबची गोष्ट सांगायची आहे. अमेरिका हा तुरुंगांचा देश म्हणून बदनाम आहे, आणि ती बदनामी खोटी नाही. पण तिथल्या केंद्र सरकारच्या तुरुंगात माणूस आत गेला की त्याच्या सुटकेचा हिशेब मांडून तारीख कागदावर लिहिली जाते. ही तारीख घरच्यांनाही पाहता येते. ती कशी निघते, तिच्यात खोट कुठे निघाली आणि ती खोट काढायला किती वर्षे लागली, हे आपल्याला समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक घोळ दूर करू. अमेरिकेत तुरुंग तीन तऱ्हेचे. जिल्ह्याचा कच्चा तुरुंग, राज्याचा तुरुंग आणि केंद्राचा तुरुंग. बहुतेक कैदी राज्यांच्या आणि जिल्ह्यांच्या ताब्यात असतात. टेक्सास राज्यात आजही कैद्यांकडून कापूस पिकवून घेतात आणि त्या कामाची मजुरी देत नाहीत. आपल्या कापसाला तोंड देणाऱ्या अमेरिकेच्या कापसात असाही थोडा कापूस असतो, हे जाता जाता लक्षात असू द्या. पण ते राज्याचे खाते. आपण बोलतो आहोत केंद्राच्या खात्याबद्दल. 'ब्यूरो ऑफ प्रिझन्स' हे खाते १९३० साली ११ तुरुंगांवर सुरू झाले. आता तुरुंग शंभरावर आहेत आणि कैदी दीड लाखाच्या आसपास. २०१३ च्या सुमाराला हा आकडा दोन लाख एकोणीस हजारांपर्यंत गेला होता. अमली पदार्थ, बंदुका, मोठ्या फसवणुकी, सरहद्दीचे गुन्हे अशी प्रकरणे इथे येतात.

शिक्षा सुनावण्याआधीच तिथे एक कागद तयार होतो. न्यायालयाचा प्रोबेशन अधिकारी माणसाची सगळी कुंडली लिहितो. गुन्हा काय, आधीचे गुन्हे काय, शिक्षण किती, घर कसे, दारूचे वा नशेचे व्यसन आहे का, आजार कोणते. न्यायाधीश शिक्षा देताना हा अहवाल पाहतात, आणि तुरुंगखातेही पुढे वर्षानुवर्षे त्याच कागदावरून निर्णय घेते. त्यात एखादी गोष्ट चुकीची लिहिली गेली आणि वकिलाने वेळेवर हरकत घेतली नाही, तर ती चूक माणसाच्या मागे शेवटपर्यंत लागते. तलाठ्याच्या हातून सातबारावर चुकीचा फेर पडला तर काय होते, ते ज्यांनी भोगले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मग येतो ग्रेडर! हसू नका. एकाधिकार खरेदीच्या काळात संकलन केंद्रावर ग्रेडर आपल्या कापसात हात घालून त्याचे नशीब ठरवायचा, तसे टेक्सासमधल्या ग्रँड प्रेअरी गावी या खात्याचे एक कार्यालय आहे. देशभरातल्या केंद्रीय कैद्यांची प्रतवारी तिथे बसून करतात. फरक असा की आपल्या ग्रेडरची प्रत त्याच्या बोटांत आणि लहरीत होती, इथे गुण लिहिलेले आहेत. वय चोविशीच्या आत असेल तर ८ गुण, पंचावन्न उलटलेल्याला शून्य. शाळा पुरी केलेली नसेल तर २ गुण. आधीचे गुन्हे, मारामारी, पळून जाण्याचा प्रयत्न, प्रत्येकाचे गुण वेगळे. ज्याला न्यायाधीशांनी घरी राहू दिले आणि जो ठरल्या दिवशी आपल्या पायांनी तुरुंगाच्या दाराशी हजर झाला, त्याचे ३ गुण उणे. पुरुषाची बेरीज ११ पर्यंत आली तर किमान बंदोबस्ताचा कॅम्प, १५ पर्यंत कमी, २३ पर्यंत मध्यम आणि त्याच्या वर कडक बंदोबस्त. कॅम्पला बहुतेक ठिकाणी धड कुंपणही नसते. कडक तुरुंगाला मात्र उंच भिंत, मनोरे आणि बंदुका.

या गुणांतही अन्याय आहे. तरुण आणि न शिकलेला, म्हणजे ज्याला सुधारायला सगळ्यात जास्त वाव, त्यालाच जास्त गुण आणि जास्त कडक तुरुंग. दहा वर्षांहून जास्त शिक्षा शिल्लक असेल तर बेरीज कितीही कमी असो, कॅम्प नाही. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या आणि देशाबाहेर घालवल्या जाणाऱ्या माणसालाही कॅम्प नाही. पण अन्याय लिहिलेला असला की त्याच्यावर बोट ठेवता येते, एवढा फरक पडतो. ग्रेडरच्या बोटावर बोट ठेवता येत नव्हते.

पहिल्या दिवशी आत काय होते? अंगावरचे सगळे कपडे उतरवून झडती. ठसे, फोटो, वैद्यकीय तपासणी, मनाची चौकशी. घरचे कपडे खोक्यात घालून घरी परत. साधी, खड्याशिवायची लग्नाची अंगठी तेवढी ठेवू देतात. माणसाच्या नावापुढे आठ आकड्यांचा नंबर लागतो. पाच आकडे, आडवी रेघ, तीन आकडे. पुढे पत्र, पैसे, औषध, सगळे त्या नंबरावर. तुरुंग घरापासून शक्यतो पाचशे मैलांच्या आत असावा असे २०१८ चा कायदा सांगतो. 'शक्यतो' या शब्दाची किंमत आपल्याला माहीत आहे. सरकारच्या कुठल्याही कागदात तो दिसला की खिसा सांभाळावा.

चार आठवड्यांच्या आत प्रत्येक कैद्यापुढे त्याच्या विभागाची माणसे बसतात. एक व्यवस्थापक, एक केस पाहणारा, एक सल्लागार. नियम समजावले जातात, काम ठरते, शिक्षण ठरते. त्यानंतर दर सहा महिन्यांनी फेरतपासणी, आणि शेवटच्या वर्षात दर तीन महिन्यांनी. ज्याने शाळा पुरी केली नाही त्याला निदान २४० तास वर्गात बसावेच लागते. धडधाकट माणसाला काम सक्तीचे. तुरुंगातल्या साध्या कामाला ताशी १२ ते ४० सेंट, म्हणजे दिवसभर राबून कँटीनमधला साबणही जपून घ्यायचा. १९३४ पासून चालत आलेल्या तुरुंग-कारखान्यात जरा जास्त मिळते, पण तिथे नंबर लागणे कठीण. आणि मिळालेल्या पैशातून न्यायालयाचा दंड, नुकसानभरपाई वळती होते. सोसायटीची वसुली जशी बिलातूनच कापून घेतात, तशीच.

राहण्याची सोय प्रतवारीप्रमाणे. कॅम्पात आणि कमी बंदोबस्तात बहुधा लांबलचक दालने, कमरेएवढ्या किंवा छातीएवढ्या आडभिंती, वरखाली दोन पलंग. मध्यम आणि कडक ठिकाणी दोघांची कोठडी. चोवीस तासांत निदान पाच वेळा गिनती. दुपारी चारची गिनती उभ्याने, देशभर. भांडण केले, फोन लपवला की वेगळ्या कोठडीत बंद आणि सुटीचे दिवस कापले जातात. हे सगळे ऐकायला नीटनेटके वाटते. प्रत्यक्षात डॉक्टर नाहीत, पहारेकरी अपुरे, इमारती मोडकळीला आलेल्या. कॅलिफोर्नियातला डब्लिनचा बायकांचा केंद्रीय तुरुंग २०२४ साली बंद करावा लागला, कारण तिथले अधिकारीच कैदी बायकांवर अत्याचार करत होते आणि त्यात खुद्द वॉर्डनला शिक्षा झाली. अमेरिकेची आरती ओवाळण्यासाठी हा लेख नाही.

आता मुद्द्याचा हिशेब. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १ नोव्हेंबर १९८७ नंतरच्या गुन्ह्यांना पॅरोल बंद केला. मंडळापुढे हात जोडून मुदतीआधी सुटणे संपले. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. कायदा करणाऱ्यांचे म्हणणे असे की शिक्षा सांगितली तेवढी भोगली पाहिजे, आणि कोण कधी सुटणार हे कोणाच्या मर्जीवर राहू नये. त्याच्या बदल्यात चांगल्या वर्तणुकीची सूट ठेवली. वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. म्हणजे दहा वर्षांच्या शिक्षेला ५४० दिवस, असे कोणीही म्हणेल.

पण तुरुंगखात्याने काटा वेगळा लावला. ते म्हणाले, ५४ दिवस हे सुनावलेल्या वर्षामागे नाहीत, प्रत्यक्ष आत काढलेल्या वर्षामागे आहेत. सूट मिळाली की आत काढायची वर्षे कमी होतात, वर्षे कमी झाली की सूट कमी होते. असे घासत घासत ५४ चे ४७ झाले. दहा वर्षांच्या शिक्षेत सुमारे ७० दिवसांची कटती! मापाऱ्याने काट्यावर मारलेली ही दांडी न्यायालयात गेली. २०१० साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने बार्बर विरुद्ध थॉमस या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मताने खात्याचेच माप खरे धरले. त्या वेळी या तुरुंगांत दोन लाखांवर माणसे होती. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायाधीशांना यातली हजारो वर्षांची बेरीज दिसत होती. ७० दिवस म्हणजे पेरलेली पऱ्हाटी फुलावर येण्याएवढे दिवस. ते प्रत्येकाच्या आयुष्यातून वजा.

ही दांडी सरळ व्हायला संसदेचा कायदा लागला. डिसेंबर २०१८ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांनी 'फर्स्ट स्टेप' कायदा झाला. सूट सुनावलेल्या शिक्षेवर मोजायची, वर्षामागे पुरते ५४ दिवस, असे त्यात स्पष्ट लिहिले. अंमल जुलै २०१९ मध्ये आला आणि १९ जुलैला ३,१०० च्या आसपास कैदी एकदम दाराबाहेर आले. एका आकड्याचा अर्थ बदलला आणि एवढी माणसे घरी गेली. तीस वर्षांवर हे माप खोटे चालू होते. जे त्याआधी जास्तीचे दिवस भोगून सुटले, त्यांना ते दिवस कोण परत देणार?

त्याच कायद्याने दुसरी एक सूट आणली. ठरवून दिलेले वर्ग, व्यसनमुक्तीचे कार्यक्रम, कामधंद्याचे शिक्षण यांत भाग घेतला की दर तीस दिवसांना दहा दिवस जमा. पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी ठरलेल्याला पंधरा. जमा झालेल्या दिवसांतून जास्तीत जास्त एक वर्ष आधी सुटका, उरलेले दिवस तुरुंगाबाहेरच्या देखरेखीत. गंभीर गुन्ह्यांची मोठी यादी यातून वगळली आहे. कायदा २०१८ चा, पण नियम पक्के व्हायला जानेवारी २०२२ उजाडला. तोवर दिवस जमा होत होते आणि वहीत कोणी लिहीत नव्हते. विम्याचा हप्ता कापून घ्यायचा आणि भरपाईच्या वेळी पोर्टल बंद, त्यातलाच हा प्रकार.

सुटकेची तयारी हा यातला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग. खात्याचे तत्त्व असे की सुटकेची तयारी पहिल्या दिवशी सुरू होते. कारण साधे आहे. आत गेलेल्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त कधी ना कधी बाहेर येणारच असतात. ते कुठल्यातरी गल्लीत, कुणाच्या तरी शेजारी राहायला येणार. मग कसे होऊन यावेत? आरोग्य, नोकरी, पैशाचा व्यवहार, सरकारी कागदपत्रे, देखरेखीचे नियम, घरच्यांशी वागणे, या विषयांचे वर्ग ठेवलेले आहेत. व्यसनाचा मोठा कार्यक्रम आहे, पाचशे तासांचा. बिनहिंसेच्या गुन्ह्यातल्या कैद्याने तो पुरा केला तर शिक्षेत एक वर्षापर्यंत सूट मिळू शकते. जन्माचा दाखला आणि ओळखपत्र हातात देऊनच सोडावे असे कायदा म्हणतो. माणूस कुठे राहणार ते आधी कळवायचे, प्रोबेशन अधिकारी जाऊन घर पाहतो आणि मग होकार देतो.

शेवटचे काही महिने 'हाफवे हाऊस'मध्ये, म्हणजे अर्ध्या वाटेवरच्या घरात. दिवसा कामाला जायचे, रात्री परत यायचे. २००८ च्या कायद्याने ही मुदत एक वर्षापर्यंत नेली. ही घरे बहुतेक ठेकेदारांची. कमावत्या रहिवाशाकडून पगाराचा चौथा हिस्सा घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. आणि इथेच गाडी अडते. कागदावर दिवस जमा आहेत, तारीख आलेली आहे, पण घरात खाट रिकामी नाही, म्हणून माणूस तुरुंगातच. मार्च २०२५ च्या अखेरीस खात्याने पैसे नाहीत म्हणून २००८ च्या कायद्याखालची ही मुदत साठ दिवसांवर आणायचा हुकूम काढला. घरच्यांनी, वकिलांनी, संघटनांनी एवढी ओरड केली की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. ओरड का करता आली? प्रत्येकाच्या हातात तारखेचा कागद होता. साठ दिवसांचा हुकूम निघताच कुणाचे किती दिवस गेले, हे घरातल्या बाईला बोटांवर मोजून सांगता येत होते. ज्याच्याकडे पावती आहे तोच वजनाबद्दल भांडू शकतो.

सुटण्याच्या दिवशी कपडे, घरापर्यंतचे भाडे आणि गरजेप्रमाणे थोडी रक्कम मिळते. कायद्याने ती पाचशे डॉलरच्या वर नाही. बाहत्तर तासांत प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे. मग एक ते पाच वर्षे, काही गुन्ह्यांत त्याहून जास्त, देखरेख. तिचा नियम मोडला तर पुन्हा आत.

आपल्याकडे सुटकेच्या तयारीचा विचारच झाला नाही असे समजू नका. सांगली जिल्ह्यात, आटपाडीच्या कोरडवाहू माळावर, औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत वसवली. भिंत नाही, बेड्या नाहीत, बायकापोरांसह राहायचे आणि जमीन कसायची. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' तिच्यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच मुलखातले. नांगर धरता येणाऱ्या माणसाला सुटकेची याहून चांगली तयारी कोणती? पैठणलाही खुले कारागृह आहे, शेती आहे. पण या जागा शिक्षा झालेल्यांच्या. त्यांना माफीचे दिवस मिळतात, संचित रजा मिळते. शिक्षाच न झालेल्याचे काय? आपल्या देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांत सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. शिक्षा नाही म्हणून तारीख नाही, तारीख नाही म्हणून तयारी नाही.

त्या बापाला उत्तर मात्र देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ पाहा. ज्याला आधी कधी शिक्षा झालेली नाही, त्याने लावलेल्या कलमाच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की न्यायालयाने त्याला बंधपत्रावर सोडायचे. आधी शिक्षा झालेली असेल तर निम्मा काळ आणि जामीन. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या कलमांना हे लागू नाही, एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. ही मुदत भरली की न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने तुरुंग अधीक्षकावरच टाकली आहे. जुन्या खटल्यांतल्या कच्च्या कैद्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले. म्हणजे कमाल शिक्षा सात वर्षांची असेल, तर पहिल्यांदाच आत गेलेल्याची मुदत दोन वर्षे चार महिने. दीड वर्ष झाले असेल तर दहा महिने उरले. वावर यंदा ठोक्याने द्या, पुढच्या मृगाला पोरगा घरी असू शकतो.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक शाखाप्रमुखाने आपल्या गावातल्या आत असलेल्या माणसांची यादी आणावी. नाव, कोणत्या तुरुंगात, एफआयआरमधले कलम, अटकेची तारीख, आधी शिक्षा झाली आहे की नाही. आपले वकील मित्र तिथे बसून प्रत्येकाचा हिशेब कागदावर मांडतील आणि ज्यांची मुदत भरली आहे त्यांचे अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्याच दिवशी देतील. तिथे फी पडत नाही. अटकेची तारीख ठाऊक नसेल, तर आधी पोलीस ठाण्यातून तेवढी लिहून आणा.